एकदाच शिकवलेली ग्रंथपाल

आपल्याकडे खेड्यातल्या किंवा तालुक्याच्या गावातल्या ग्रंथपालाला उभ्या आयुष्यात बहुधा एकदाच शिकवलं जातं. जिल्हा ग्रंथालय संघाच्या वर्गाला काही महिने जायचं, आलेल्या पुस्तकाची दाखलनोंद कशी करायची, पुस्तकांची विषयवार विभागणी करणाऱ्या ड्युईच्या पद्धतीतले दहा वर्ग कोणते, तालिकापत्र म्हणजे पुस्तकाच्या माहितीचं कार्ड कसं लिहायचं हे शिकायचं, परीक्षा द्यायची आणि प्रमाणपत्र घेऊन यायचं. त्या प्रमाणपत्राची प्रत ग्रंथालयाच्या फाइलला लागते, कारण मान्यता आणि अनुदान टिकवायचं तर अर्हताधारक माणूस दाखवावा लागतो. शिक्षण तिथेच संपतं. पुढची पंचवीस-तीस वर्षं ती व्यक्ती त्याच टेबलाशी बसते. पुस्तकाचं रूप बदलतं, वाचकाच्या गरजा बदलतात, गावही बदलतं, आणि तिला पुन्हा शिकायला कोणी बोलावत नाही.

मी महाविद्यालयात ग्रंथपाल होते आणि बरीच वर्षं रविवारी अशा प्रमाणपत्र वर्गांवर तालिकीकरण, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांची सूची करणं, शिकवायला जात असे. माझं म्हणणं साधं आहे. सार्वजनिक ग्रंथालयातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला दरवर्षी ठरावीक दिवस, पगार न कापता आणि येण्याजाण्याचा खर्च देऊन, शिकायला मिळालं पाहिजे. तो त्याच्या नोकरीचाच भाग असला पाहिजे आणि अनुदानाच्या नियमांत तसं लिहिलेलं असलं पाहिजे. एखाद्या कार्यवाहांच्या चांगुलपणावर किंवा कधीतरी निघणाऱ्या परिपत्रकावर ते सोडून चालणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने एका तालुक्याच्या गावी गेले होते. वर्गातली माझी जुनी विद्यार्थिनी तिथल्या वाचनालयात ग्रंथपाल आहे म्हणून मुद्दाम भेटायला गेले. तिची दाखलनोंद वही बघून मन भरून आलं. एक खाडाखोड नाही, एक रकाना रिकामा नाही. कोपऱ्यात मात्र संगणक प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकून ठेवलेला होता. पूर्वी कधीतरी बाहेरच्या एका माणसाला काम देऊन सगळ्या पुस्तकांच्या नोंदी भरून घेतल्या होत्या. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर अक्षरं नीट दिसतात त्या पद्धतीत, नव्हत्या. ज्या फॉन्टमध्ये भरल्या होत्या तो पुढच्या यंत्रावर चालेना, आणि पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं उमटायला लागली. "मॅडम, माझ्याच्यानं नाही जमलं ते," ती खाली मान घालून म्हणाली. चूक तिची नव्हतीच. नोंदी युनिकोडमध्येच हव्यात आणि त्यांची एक प्रत ग्रंथालयाकडे हवी, एवढी अट काम देताना घातली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण ती अट सुचायला ज्या माणसाला माहिती हवी तो माणूस म्हणजे तीच, आणि तिला ते कधी कोणी सांगितलंच नव्हतं. एका दिवसाच्या शिकवणीने हजारो पुस्तकांवरची मेहनत वाचली असती.

बरं, नोंदी युनिकोडमध्ये असल्या म्हणजे काम झालं असंही नाही. कुसुमाग्रजांची कविता एका नावावर आणि वि. वा. शिरवाडकरांचं नाटक दुसऱ्या नावावर नोंदलेलं असतं. त्यात कोणी 'शिरवाडकर वि. वा.' लिहितो, कोणी 'वि.वा. शिरवाडकर', कोणी पूर्ण नाव. यंत्राच्या लेखी ही चार वेगळी माणसं. शाळेतली एखादी मुलगी मराठी भाषा गौरव दिनाच्या भाषणासाठी त्यांची पुस्तकं मागायला येते, तेव्हा तिच्या हाती जेमतेम अर्धी पुस्तकं लागतात. उरलेली त्याच कपाटात असून नसल्यासारखी. एका लेखकाचं एकच प्रमाण रूप ठरवायचं आणि बाकीच्या रूपांवरून वाचकाला तिकडे पाठवायचं, हे आमच्या शास्त्रातलं अगदी पायाभूत काम आहे. कार्डांच्या काळात ते प्रतिनिर्देश लिहून करत आणि वर्गात आम्ही ते शिकवलेलंही असतं. तेच संगणकावर कसं करायचं, हे मात्र शिकवायला कोणी गेलं नाही. ग्रंथालयाच्या कामासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही आज्ञावली (सॉफ्टवेअर) आहे, मुक्तस्रोत कोहा आहे. त्यांच्यासाठी पैसे मोजून परवाना घ्यावा लागत नाही. अडचण आज्ञावली मिळण्याची नाही, ती चालवायला शिकलेला माणूस मिळण्याची आहे.

या बाबतीत आपण सुरुवात किती चांगली केली होती, हे आठवलं की जास्त लागतं. महाराज सयाजीराव गायकवाड नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांनी १९०६ साली बडोदे संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केलं आणि लगेच त्यांच्यापुढे पुढचा प्रश्न उभा राहिला: शाळा सोडल्यावर या मुलांना वाचायला मिळालं नाही तर शिकलेलं अक्षर ती विसरतील. त्यातून गावोगाव वाचनालयांची कल्पना आली. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अनुभवी ग्रंथपालाला बोलावून घेतलं. बॉर्डनने १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. भारतातला हा पहिला. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालयं, लाकडी पेट्यांतून खेड्यांत फिरणारी पुस्तकं हे सगळं त्याच दोन-चार वर्षांत आकाराला येत होतं, आणि माणसं तयार करण्याचं काम त्याच्या बरोबरीने चाललं होतं. आधी इमारत बांधू, मग पुस्तकं घेऊ, मग माणसाचं बघू, असा क्रम सयाजीरावांनी लावला नाही. हा क्रम आपण नंतर लावला, आणि तिसऱ्या पायरीवर आपण अजून नीट पोचलेलो नाही.

दरवर्षी १२ ऑगस्टला आमच्या ग्रंथालयांत डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घालतात. त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं भिंतीवर लावलेली असतात. ते ग्रंथपाल कसे झाले, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. रंगनाथन गणिताचे अध्यापक होते. १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमलं तेव्हा त्यांना या कामाचं काहीही शिक्षण नव्हतं आणि पहिल्या दिवसांत ते त्या खुर्चीवर पार कंटाळून गेले होते. विद्यापीठाने त्याच वर्षी त्यांना इंग्लंडला पाठवलं. लंडनमध्ये ते शिकले, क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयात तिथले ग्रंथपाल बर्विक सेयर्स यांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम पाहिलं, इंग्लंडमधली शंभराच्या आसपास ग्रंथालयं फिरून बघितली आणि १९२५ मध्ये परतले ते या कामाने भारावूनच. परतल्यावर पाचच वर्षांच्या आत, १९२९ साली, मद्रास ग्रंथालय संघाचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. ज्या माणसाला आपण भारतातल्या या शास्त्राचा जनक म्हणतो, त्याच्यातला ग्रंथपालही एका संस्थेने नोकरीत असताना शिकायला पाठवलं म्हणून घडला. तसबिरीखाली हार घालणाऱ्या बाईला तसं कोणी कुठे पाठवलंय का, हे त्या दिवशी तरी विचारावं असं मला फार वाटतं.

महाराष्ट्राने कायदा लवकर केला हे खरंच. कोल्हापूर संस्थानाने तर स्वातंत्र्यापूर्वीच, १९४५ मध्ये, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. राज्याचा अधिनियम १९६७ चा. त्यातून ग्रंथालय संचालनालय आलं, राज्य ग्रंथालय परिषद आली, जिल्हा समित्या आल्या, मान्यता आणि अनुदानाची घडी बसली. आज राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत आणि ती स्थानिक माणसांनी संस्था नोंदवून चालवलेली आहेत. याचा मला अभिमान वाटतो. पण या घडीत कर्मचारी हा संस्थेचा खासगी प्रश्न होऊन बसला. अनुदान संस्थेला मिळतं, तपासणी संस्थेची होते, 'अ' ते 'ड' असा दर्जाचा वर्ग बदलतो तोही संस्थेचा. कर्मचाऱ्याचं नाव फाइलमध्ये फक्त त्याच्या प्रमाणपत्रापुरतं येतं.

इथे माझ्यासमोर नेहमी येणारा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो सगळ्यात खरा आहे. कर्मचारी म्हणतात, "मॅडम, आधी पगाराचं बघा, शिकण्याचं मग बोला." २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली तेव्हा 'ड' वर्गातल्या ग्रंथालयाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपये झालं. पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, भाडं काहीच नाही असं धरून ते सगळे पैसे माणसाच्या हातात ठेवले, तरी महिन्याला ४ हजार होतात. प्रत्यक्षात हातात पडतं ते याहून पुष्कळ कमी. एवढ्या पैशांत राबणाऱ्या माणसाला 'तुझं कौशल्य वाढव' म्हणणं जिवावर येतं. प्रभा राव समितीपासून पत्की समितीपर्यंत या माणसांच्या सेवाशर्तींचा विचार झाला, आणि वेतनश्रेणीची मागणी घेऊन ती अजून मोर्चे काढतात. ती मागणी पहिली आहे आणि पहिलीच राहिली पाहिजे.

पण या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात असं मला वाटत नाही. ग्रंथपालाला नीट पगार का मिळत नाही? कारण ते काम कोणालाही जमेल असं समजलं जातं. पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं, वहीत सही करायची, त्यात शिकण्यासारखं ते काय? आणि शिकण्यासारखं काही नाही असं धरल्यामुळे शिकवण्यावर खर्च होत नाही. न शिकवल्यामुळे काम खरोखरच देवघेवीपुरतं उरतं. मग पगार वाढवायची वेळ आली की तेच काम दाखवून 'एवढ्याशा कामाला एवढा पगार?' असं विचारलं जातं. हे चक्र कुठून तरी तोडायला हवं. प्रशिक्षणाचा हक्क नियमांत आला, तर हे काम कौशल्याचं आहे हे शासनाने लेखी मान्य केल्यासारखं होईल. पगाराच्या मागणीला त्याचा आधारच मिळेल.

महाविद्यालयात असताना मला रिफ्रेशर वर्गांना जावं लागलं. 'जावं लागलं' असं म्हणते, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे पुढची श्रेणी मिळायला ते आवश्यकच असतात. पहिल्या वेळी मी थोड्या नाखुशीनेच गेले होते. पण ऑनलाइन तालिकेवर मी पहिल्यांदा हात चालवला तो तिथेच, शेजारी बसलेल्या विदर्भातल्या एका ग्रंथपालाकडून नोंदी आयात करायला शिकले तेही तिथेच. त्या दिवसांचा पगार मला मिळाला. माझ्या महाविद्यालयापासून हाकेच्या अंतरावर सार्वजनिक वाचनालय होतं. तिथला ग्रंथपाल ड्युईचे तेच अंक वापरायचा, मराठी साहित्याला तोही ८९१.४६ च द्यायचा. संध्याकाळी त्याच्याकडे येणारे वाचक माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त होते आणि जास्त निरनिराळ्या वयांचे होते. त्याला मात्र असा एकही दिवस मिळाला नाही. एकाच शास्त्रातल्या दोन माणसांत एवढा फरक कशाच्या आधारावर करायचा?

कार्यशाळा मुळीच होत नाहीत असं मी म्हणत नाही. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या मदतीने होतात, ग्रंथालय संघ घेतात, संचालनालयही घेतं. मी त्यांतल्या काहींना बोलायला गेले आहे. सभागृहात दोनशे माणसं, सकाळी उद्घाटन आणि सत्कार, दुपारी दोन व्याख्यानं, शेवटी प्रमाणपत्र. व्याख्यानं चांगली असतात, पण ऐकून कोणाला पोहता येत नाही. दहा-बारा जण, प्रत्येकापुढे एक यंत्र आणि आपल्याच ग्रंथालयातून आणलेली वीस पुस्तकं, असा एक दिवस त्या दोनशे जणांच्या सभेपेक्षा जास्त देऊन जातो.

शिकवायचं काय, याची यादी मी करत बसणार नाही. दोन गोष्टी मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली जुन्या पुस्तकांची. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय तर १८३२ पासूनचं. शंभरी ओलांडलेली छोटी वाचनालयंही आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या कपाटांत काय काय आहे याचा पत्ता खुद्द त्यांनाही नसतो. १८६७ पूर्वी छापलेल्या मराठी पुस्तकांना आपण दोलामुद्रितं म्हणतो. असं एक पुस्तक एका वाचनालयात मी हातात घेतलं तेव्हा त्याची फाटलेली पानं प्लास्टिकच्या चिकटपट्टीने जोडलेली होती. जोडणाऱ्याने मायेनेच जोडली होती. पण त्या पट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात मुरतो आणि अक्षरासकट कागद खराब करतो. पातळ जपानी कागद आणि स्टार्चची खळ वापरायची, आणि तेही जमत नसेल तर पुस्तक नुसतं सुती कापडात बांधून आडवं ठेवायचं, हे सांगायला अर्धा तास लागतो. याहून वाईट म्हणजे निर्लेखन. जीर्ण पुस्तकांची यादी करायची, समितीची मंजुरी घ्यायची आणि रद्दी काढायची. त्या यादीत काय चाललंय हे ओळखायला पहिल्या पानावरचा छापखाना आणि शक-सन वाचता यावा लागतो, ते पुस्तक आणखी कुठे आहे का हे शोधता यावं लागतं. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी पुस्तकांची सूची आयुष्य वेचून करून ठेवली. ती कशी बघायची हे माझ्या वर्गातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ ला जाहीर झाला तेव्हा आपण सगळे आनंदलो. त्या भाषेची जुनी पुस्तकं ज्यांच्या हातात आहेत, त्या हातांना ती कशी धरायची हे आपण दाखवलेलं नाही.

दुसरी गोष्ट अंध वाचकांची. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात, छापील मजकूर वाचता येत नाही अशा व्यक्तींसाठी पुस्तकं त्यांना वापरता येतील अशा रूपात करून देण्याची मुभा आहे. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय अशा वाचकांसाठी चालू आहे. प्रत्येक तालुक्यात असा एखादा तरी मुलगा किंवा मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असते आणि घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायला बसवत असते. गावातल्या ग्रंथपालाला हे माहीत असेल, नोंदणी कशी करायची ते दोनदा करून पाहिलेलं असेल, तर त्या मुलाचं सगळं शिक्षण बदलू शकतं. मी एका वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची एक बाई उठून उभी राहिली. तिच्या शेजारच्या घरातच असा मुलगा होता. तिच्या वाचनालयात तो कधी आला नव्हता, कारण तिथे आपल्यासाठी काही असेल असं त्याला वाटलं नव्हतं आणि तिलाही वाटलं नव्हतं.

खर्चाचं म्हणाल तर मोठं गणित नाही. १२ हजार ग्रंथालयं, प्रत्येकी एक माणूस, वर्षाला तीन दिवस, दर दिवशी भत्ता, प्रवास आणि जेवण मिळून हजार रुपये धरले तर ३ कोटी ६० लाख रुपये होतात. शिकवणाऱ्यांचं मानधन आणि बाकीचा खर्च धरून पाच कोटी म्हणा. राज्याच्या अंदाजपत्रकात हा आकडा शोधून सापडणार नाही. वर्गांसाठी नव्या इमारती नकोत. जिल्ह्याचं 'अ' वर्ग ग्रंथालय, जवळच्या महाविद्यालयाची संगणक खोली आणि माझ्यासारखे निवृत्त ग्रंथपाल, एवढ्यावर काम सुरू होऊ शकतं. आमच्यातले अनेक जण प्रवासखर्चावर यायला तयार आहेत, हे मी खात्रीने सांगते.

'शिकलेला माणूस टिकत नाही, चांगली नोकरी बघून निघून जातो,' असं काही कार्यवाह म्हणतात. काही जातीलही, जाऊ देत. एक ग्रंथपाल गावातून शहरात गेली तर ती तिथल्या वाचकांना उपयोगी पडेल, तेही आपलेच. आणि गावातल्या ग्रंथालयांत काम करणाऱ्या पुष्कळशा बाया त्याच गावात सासरी आलेल्या, त्याच गावात म्हाताऱ्या होणाऱ्या आहेत. त्या कुठेही जात नाहीत. माझी विद्यार्थिनी सतरा वर्षं त्याच खुर्चीवर आहे.

त्यापेक्षा खरी अडचण वेगळी आहे. छोट्या ग्रंथालयात माणूस एकच असतो. तो तीन दिवस शिकायला गेला तर कुलूप लागतं, आणि तपासणीत वाचनालय बंद सापडलं तर वर्ग घसरण्याची भीती. म्हणून नियमांत स्पष्ट लिहायला हवं की प्रशिक्षणाचे दिवस कामाचेच धरले जातील, दारावर तशी सूचना लावली की पुरे. आणि वर्ग तालुक्याच्या ठिकाणी घ्यावेत, मुंबई-पुण्याला नकोत. सकाळी अकराला सुरू करून चारला संपवावेत, म्हणजे लांबच्या गावांतल्या बायकांना साडेचारची एसटी मिळेल आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचता येईल.